नहर फुटली, पंचनाम्यात डोंगे कुठे आहेत?

महोदय,

नहर, म्हणजे कालवा, फुटली की आपल्या जिल्ह्यात बातमी ठरलेली असते. इतक्या हेक्टरमधले धान पाण्याखाली, शेतकरी संतप्त, अधिकाऱ्यांची पाहणी, दुरुस्ती सुरू. यंदा ऑगस्टमध्ये आमच्या गावावरची नहर फुटली तेव्हाही असेच छापून आले आणि त्यातले काहीच खोटे नव्हते. पण फुटलेले पाणी ज्या वाटेने खाली आले त्या वाटेवर गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे, तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचे डोंगे, म्हणजे छोट्या नावा, आहेत. त्यांच्याबद्दल बातमीत ओळ आली नाही आणि पंचनाम्यातही आली नाही. त्यासाठी हे पत्र.

आधी नहर का फुटली ते सांगतो. आठवडाभर पावसाने दडी मारली होती. धानाचा रोवणा झालेल्या बांध्यांना (खाचरांना) भेगा पडू लागल्या, लोकांनी पाण्याची मागणी केली, नहरेला पाणी सुटले. दोन दिवसांनी रात्री पाऊस आला. बांध्या भरल्या तसे शेतकऱ्यांनी एकेक करून शेतात पाणी घेण्याचे कुलाबे बंद केले. त्यात त्यांची चूक नाही, भरल्या बांधीत कोणी आणखी पाणी घेत नाही. पण वरून येणारे पाणी थांबले नव्हते. असे वाढलेले पाणी नाल्यात काढून देण्यासाठी एस्केपचे दार असते. आमच्याकडचे ते दार गंजून जागच्या जागी बसले आहे. पाणी चढत गेले आणि जेथे नाल्यावरच्या मोरीला मातीचा भराव चिकटतो, तेथे बांध सुटला. त्या जागी उन्हाळ्याच्या आवर्तनातही ओल दिसत असे. घुशींची बिळे होती, बेशरमाची झुडपे माजली होती. गुरे चारणाऱ्या पोरांनाही ती जागा ठाऊक होती.

पहाटे जे पाणी उतरले ते नुसते पाणी नव्हते. भरावाचा मुरूम, माती, काँक्रीटचे तुकडे, उपटलेली झाडे असे सगळे नाल्याने तलावात आले. तलाव आधीच भरलेला, सलंग (सांडवा) वाहत होती. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेने काही दिवसांपूर्वीच कतला, रोहू, मृगळाची बोटुकली (माशांची पिल्ले) सोडली होती. ती सलंगीवरून नाल्यात आणि पुढे वैनगंगेच्या दिशेने गेली. घाटावर बांधलेले डोंगे एकमेकांवर आदळले. काही फुटले, काही मुरमाखाली गाडले गेले. पाण्यात लावून ठेवलेली जाळी झाडांच्या खोडांत गुंतून फाटली. शिंगाड्याचे वेल गाळाखाली गेले. तलावाच्या ज्या उथळ, गवताळ अंगाला मरळ आणि झिंगे वाढतात, तेथे आज पिवळा मुरूम दिसतो. डोंगा पैसे जमवून पुन्हा करता येईल. तो उथळ भाग पुन्हा तयार व्हायला किती पावसाळे लागतील हे तलावावरच्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही.

मी शिक्षक होतो. या घरांतली पोरे माझ्या वर्गात शिकली, म्हणून लोक मोकळेपणाने बोलतात. पंचनाम्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई मला म्हणाल्या, “गुरुजी, धानाचं लिवून नेलं, चांगलं झालं. पण आमच्या डोंग्याचं कोनी इचारलंच नाही जी.” त्या आठवडी बाजारात मासे विकतात. त्यांच्या घरी एक एकरही शेती नाही.

विचारले का नाही, याचे उत्तर मी शोधले. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात. त्यांच्या हातातल्या नमुन्यात गट क्रमांक, पीक आणि बाधित क्षेत्र लिहायचे असते. ढिवराकडे तलावाचा सातबारा नाही. त्याच्या संस्थेकडे मासेमारीचा ठेका आहे, पण तो त्या नमुन्यात बसत नाही. मत्स्यव्यवसाय विभागाच्या माणसाला कोणी बोलावलेच नव्हते. आलेल्या कर्मचाऱ्यांवर माझा राग नाही. चिखल तुडवत ते बांधी-बांधी फिरले. पण ज्यांना बोलवायला हवे होते त्यांना बोलावणे ही कोणाची तरी जबाबदारी होती.

मदतीचे दर नाहीत असेही नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे 2022-23 ते 2025-26 साठीचे निकष पाहा. पूर्ण नष्ट झालेल्या नावेला 15,000 रुपये, अंशतः फुटलेल्या नावेच्या दुरुस्तीला 6,000, पूर्ण गेलेल्या जाळ्याला 4,000, फाटलेल्या जाळ्याला 3,000 रुपये असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. रकमा तुटपुंज्या असल्या तरी आहेत. मात्र त्या नैसर्गिक आपत्तीसाठी आहेत. नहर फुटणे ही नैसर्गिक आपत्ती धरली जात नाही. अतिवृष्टीत बसवायचे म्हटले तर महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर पावसाची नोंद लागते आणि त्या रात्री आमच्या मंडळात तेवढा पाऊस नव्हता. एक कार्यालय सांगते की हे पावसाने झालेले नाही, दुसरे म्हणते पावसामुळेच झाले. ढिवर दोन्हीकडे हेलपाटे घालतो.

सरकारने मनात आणले तर यातून वाट निघते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 27 सप्टेंबर 2018 रोजी पुण्यात मुठा उजवा कालवा फुटला आणि दांडेकर पूल परिसरातल्या वस्तीत पाणी घुसले. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालवा पोखरला असे तेव्हाच्या जलसंपदामंत्र्यांनीच सांगितले होते. तेथे घरांचे पंचनामे झाले आणि सरकारने मदतही दिली. ते योग्यच झाले. मग आमच्या तलावावरच्या कुटुंबांचे साधन गेले तर त्याला वेगळा न्याय कशासाठी?

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वात महत्त्वाची वाटते. एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज, विमा यांत मच्छीमारांना शेतकऱ्यांसारख्या सवलती मिळाव्यात हा त्याचा हेतू. आमच्या संस्थेत त्या दिवशी पेढे वाटले होते. मासेमारी शेतीच्या बरोबरीची असेल तर धानाची बांधी आणि तलावातली बोटुकली एकाच पंचनाम्यात आली पाहिजेत. निर्णय मुंबईत झाला, पण नहरेखालच्या गावात तो तलाठ्याच्या नमुन्यात उतरलेला नाही.

कालवा फुटल्यावर नावांचा विचार आधी होतो असे देशही आहेत. इंग्लंडमध्ये मिडलविच येथे मार्च 2018 मध्ये कालव्याचा भराव वाहून गेला, पाणी शेजारच्या व्हीलॉक नदीत ओतले गेले आणि वीसेक नावा अडकून पडल्या. जलपाशाच्या (नावा वर-खाली नेण्यासाठीच्या दारांच्या) झडपा उघड्या राहिल्याने पाणी वाढून काठावरून वाहिले, असे कारण पुढे आले. दुरुस्तीला सुमारे 30 लाख पौंड लागले आणि कालवा पुन्हा खुला व्हायला डिसेंबर उजाडला. तेथले कालवे नावांसाठीच बांधले गेले, त्यामुळे नाववाल्यांचे काय झाले हे पहिल्याच दिवशी विचारले जाते. आपली नहर शेताच्या ओलितासाठी आहे, नावा तिच्यात चालत नाहीत, तिच्या खालच्या तलावांत चालतात. म्हणून त्या कोणाला दिसत नाहीत. पाणी वाढले आणि त्याला जायला वाट राहिली नाही, हे कारण मात्र दोन्हीकडे सारखे आहे.

आणि आमच्याकडे असे तलाव थोडेथोडके नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत साडेसहा हजारांहून अधिक मामा तलाव आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी (जमीनदारीसारखी जुनी महसूल व्यवस्था) गेली, तलाव सरकारकडे आले आणि बऱ्याच ठिकाणी ढिवरांच्या संस्था ठेका घेऊन त्यांत मासे वाढवू लागल्या. 1988 मध्ये भूमिपूजन झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचा एकटा उजवा कालवा 99 किलोमीटरचा आहे, आणि इंग्रजांच्या काळातला आसोलामेंढा तलाव आता त्याच व्यवस्थेचा भाग झाला आहे. इटियाडोह, बाघ, बावनथडी यांचे कालवे वेगळेच. नहरा आणि तलाव एकमेकांत गुंतले आहेत. नहरेच्या प्रत्येक भरावाखाली कोणता तलाव येतो, त्यावर कोणाचे डोंगे आहेत, याची नोंद संबंधित विभागाकडे असायला हवी. एका गावच्या चौकीदाराला बसवून ती दुपारभरात होण्यासारखी आहे.

डोंगा नसला की ढिवर घरी बसत नाही, हेही लिहायला हवे. तो ट्रकच्या ट्यूबवर नाहीतर थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून जाळे टाकायला जातो. आमच्या तलावावर सध्या हेच चालले आहे, आणि गाळामुळे तळाचा अंदाज राहिलेला नाही. पलीकडच्या शेतावर निंदणाला जाणाऱ्या बायकाही आधी डोंग्याने जायच्या. आता त्या पारीवरून (तलावाच्या बांधावरून) लांबचा वळसा घालतात. एखादा माणूस बुडाला तर त्याची नोंद नहरफुटीच्या खात्यात कोणी करणार नाही.

माझी मागणी मोठी नाही. आमच्या तलावाचा पुरवणी पंचनामा मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांसह व्हावा. गाळ तसा उशिरानेही मोजता येतो, फुटलेले डोंगे अजून घाटावर पडून आहेत, आणि बोटुकली घेतल्याच्या पावत्या संस्थेच्या फाइलमध्ये आहेत. या वर्षीची ठेक्याची रक्कम माफ व्हावी, कारण मासाच राहिला नाही तर ती कशातून भरणार? नहरेच्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात तलावात आलेला मुरूम काढण्याचा खर्च धरावा. तो मुरूम त्याच भरावाचा आहे. एस्केपचे दार दुरुस्त झाल्याशिवाय रब्बीचे पाणी सोडू नये आणि सोडण्याच्या आदल्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांना एक फोन जावा. शेतकरी माझ्या या मागणीच्या विरोधात नाहीत. शेवटच्या टोकावरच्या शेतकऱ्यांचे धान नहर बंद राहिल्याने वाळले आहे, आणि त्यांनाही हे दार चालू हवे आहे.

आपला प्रतिनिधी एकदा तलावावर पाठवावा ही विनंती. सध्या नहर कोरडी आहे, त्यामुळे फुटलेली जागा, गंजलेले दार आणि तलावातला मुरूम एकाच फेरीत पाहता येईल. रब्बीचे आवर्तन सुरू झाल्यावर भरावाची जागा पुन्हा पाण्याने झाकली जाईल, म्हणून त्याआधी यावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जि. भंडारा