आकडा एक, प्रती दोन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकमधल्या एका शिकवणी वर्गात मी गेली काही वर्षे सी शार्प आणि जावा या प्रोग्रामिंगच्या भाषा शिकवतो. ‘व्हॅल्यू टाइपची प्रत होते, क्लासच्या ऑब्जेक्टचा रेफरन्स जातो’ ही व्याख्या आमच्याकडे येणाऱ्या अभियांत्रिकीच्या बहुतेक मुलांना तोंडपाठ असते. म्हणजे साधा आकडा दुसऱ्याला दिला की त्याची नक्कल जाते; क्लास या साच्यातून घडवलेले ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीची चौकट, दिले की त्या चौकटीकडे जाणारा बाण, म्हणजे रेफरन्स, जातो. परंतु एकच आकडा दोन ऑब्जेक्टना मिळून वापरायचा असेल तर काय करायचे, असे विचारले की वर्ग गप्प होतो. त्याबद्दल मुलांना बोल लावायला मन धजत नाही, कारण हीच चूक मी स्वतः भर बाजारात केलेली आहे.

पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी मी पावत्यांचा छोटा प्रोग्राम लिहिला होता. लिलावात गाडी उभी राहिली की ‘लॉट’ हे ऑब्जेक्ट तयार होई आणि पहिली बोली लागताच तिचा भाव ‘पावती’ या दुसऱ्या ऑब्जेक्टला दिला जाई. भाव म्हणजे साधा इंट, पूर्णांक ठेवणारा व्हॅल्यू टाइप. बोली क्विंटलला १८०० वरून १८५० रुपयांवर गेली, लॉटमधला आकडा बदलला, पावतीतली प्रत मात्र १८०० वरच राहिली. माल २२ क्विंटल होता. शेतकऱ्याने पावती हातात घेऊन जागच्या जागी तोंडी हिशेब केला आणि ११०० रुपये कमी भरल्याचे दाखवून दिले. मला तेच शोधायला संध्याकाळ लागली.

पहिला उपाय सुचतो तो सी शार्पमधल्या ‘रेफ’चा, म्हणजे प्रतीऐवजी मूळ आकड्याचा पत्ता देण्याचा, आणि तो इथे चालत नाही. रेफने दिलेला पत्ता त्या मेथडच्या, म्हणजे एखादे काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याच्या, एका कॉलपुरता असतो, साध्या क्लासच्या फील्डमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टमधल्या माहितीच्या कप्प्यात, तो साठवून ठेवता येत नाही. २०२२ मध्ये सी शार्प ११ ने रेफ फील्ड आणले खरे, पण तेही केवळ रेफ स्ट्रक्ट या खास प्रकारात, आणि रेफ स्ट्रक्ट क्लासच्या पोटात ठेवता येत नाही. यात भाषेचा हट्ट नाही. मेथड संपली की तिचे स्थानिक व्हेरिएबल, म्हणजे तिच्यापुरती आकडा ठेवायची जागा, स्टॅक या तात्पुरत्या स्मृतीवरून जाते. त्याचा पत्ता एखाद्या ऑब्जेक्टने जपून ठेवला, तर तो पाडलेल्या वाड्याचा घर क्रमांक ठरतो. सी आणि सी प्लस प्लसमध्ये असा पत्ता ठेवता येतो आणि त्याची फळे पुढे भोगावी लागतात. जावात तर रेफही नाही, आणि आकडा गुंडाळून ठेवणारे ‘इंटीजर’ ऑब्जेक्ट वापरले तरी त्यातला आकडा बदलत नाही. ५० मिळवले की व्हेरिएबल दुसऱ्याच ऑब्जेक्टकडे बोट दाखवू लागते.

म्हणून मी ‘भाव’ नावाचा एक क्लास केला, आकडा त्यात ठेवला आणि लॉट व पावती या दोघांना त्या एकाच ऑब्जेक्टचा रेफरन्स दिला. पावती बरोबर निघू लागली. मात्र पुढची गाडी आल्यावर मी आळसाने नवे ऑब्जेक्ट न करता जुन्यातच नवा भाव भरला, आणि आधीच्या शेतकऱ्याच्या पावतीची दुसरी प्रत काढली तेव्हा तिच्यावर भलताच भाव छापून आला! बोली चालू असेपर्यंत आकडा सामाईक हवा होता आणि सौदा पक्का होताच पावतीला स्वतःची, कुणालाही न बदलता येणारी प्रत हवी होती, एवढे व्यवहारज्ञान त्या प्रोग्राममध्ये नव्हते. शिवाय भाव बदलण्याचा अधिकार फक्त लॉटला आणि वाचण्याचा सर्वांना, ही वाटणीही मी नंतरच केली.

यातले काहीही व्याख्या पाठ करून कळत नाही. फळ्यावर चौकटी आखून, कोणता बाण कोणत्या चौकटीकडे जातो हे मुलांकडून काढून घेतले, तर अर्ध्या तासात उमगते, असा माझा अनुभव आहे. तेव्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांनी निदान अंतर्गत परीक्षेत फरकाचे चार मुद्दे विचारण्याऐवजी दहा ओळींचा प्रोग्राम द्यावा आणि शेवटच्या ओळीनंतर कोणत्या ऑब्जेक्टमध्ये कोणता आकडा उरतो, ते चौकटी काढून दाखवायला सांगावे, ही विनंती.

आपला,
एक संगणक शिक्षक, नाशिक