लंबूला पत्र: नहेम्याचा पाचवा अध्याय

प्रिय लंबू,

आठ महिने झाले. तुझा शेवटचा मेसेज, "जिवंत आहेस ना रे" वाला, अजून तसाच पडलाय आणि मी त्याला उत्तर दिलेलं नाही. कामात होतो वगैरे सांगणार नाही, कामात तर तूही असतोस. तब्येत ठीक, शुगर कंट्रोलमध्ये, गुडघा होता तसाच. झालं.

गेल्या गुरुवारी आपल्या बायबल-अभ्यासाच्या ग्रुपमध्ये एक गोष्ट घडली आणि घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं की हे लिहायचं तर तुलाच. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी मागची वीस वर्षं सांगत बसावी लागतील.

ग्रुप चालू आहे. सरांनंतर मीच घेतो. या वर्षीचा विषय: राज्य, समाज आणि पैसा याबद्दल बायबल काय सांगतं. हो, तुझाच विषय. ज्याच्यावरून तू मला जिन्यात उभं करून सव्वा तास झापलं होतंस आणि शेवटी वॉचमन येऊन लाइट बंद करून गेला, तोच.

पहिला धक्का योसेफाने दिला. मी नेहमीसारखा बायबलमधल्या उत्पत्तीचा ४१ वा अध्याय घेतला, मिसरात (इजिप्तमध्ये) अधिकारी झालेल्या योसेफाचा. फारोचं, म्हणजे तिथल्या राजाचं, स्वप्न, सुकाळाची सात वर्षं, पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात, मग दुष्काळाची सात वर्षं. आदर्श प्रशासक, दूरदृष्टी, हे सगळं मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बोलेन. तेवढ्यात मागे बसलेल्या एका नवीन मुलीने विचारलं, "सर, आधी ते धान्य पिकवलं कोणी? आणि ४७ व्या अध्यायात तेच धान्य त्यांनाच विकलं का?" मी पान उलटलं. लंबू, तो अध्याय मी शंभर वेळा वाचलाय, पण त्या दिवशी मोठ्याने वाचताना घसा कोरडा पडला. आधी लोकांचे पैसे संपतात, मग गुरंढोरं देतात, पुढच्या वर्षी म्हणतात आता आमची शरीरं आणि जमिनी एवढंच उरलंय, तेही घे. सगळा मिसर फारोच्या मालकीचा होतो, फक्त याजकांच्या जमिनी सुटतात, बाकीच्यांनी उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कायमचा भरायचा. आणि लोक वर म्हणतात, तुम्ही आमचे प्राण वाचवलेत. ते खरंही आहे, म्हणूनच वाचणं जड जातं. मग निर्गम, म्हणजे पुढचं पुस्तक, उघडलं की योसेफाची ओळख नसलेला नवा राजा गादीवर येतो आणि विटा थापायला कोण असतं, तर योसेफाच्याच भावांची पोरंबाळं. तू जिन्यात हेच म्हणाला होतास, की योसेफाने जे जातं बसवलं त्यात त्याचंच कूळ दळलं गेलं. मी तेव्हा म्हणालो होतो की तू पूर्वजांचा अपमान करतोयस. चूक माझी होती. हे लिहून देतोय, जपून ठेव, पुढच्या भांडणात कामाला येईल.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्र बायबलमधल्या नहेम्यामुळे आहे.

गुरुवारी नहेम्याचा पाचवा अध्याय होता. मी मुद्दाम योसेफानंतर लावला होता. दोघेही परक्या राजाच्या दरबारातले मोठे अधिकारी, दोघांसमोर दुष्काळ आणि उपाशी माणसं. योसेफाने फारोसाठी सगळं विकत घेतलं, नहेम्याने सगळं परत करायला लावलं. इ.स.पू. ४४५ च्या सुमाराची गोष्ट. यरुशलेमची भिंत बांधायचं काम चालू आहे आणि मधेच माणसं आपल्या बायकांसकट ओरडत येतात की शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढलं, पोरी दासी म्हणून गेल्या, आणि घेणारे कोण तर आमचेच भाऊबंद. नहेम्याला भयंकर राग येतो. लिहिलंय की त्याने आधी मनाशी विचार केला आणि मग सरदार-अधिकाऱ्यांना धरलं. मोठी सभा भरवली. इथपर्यंत मी जोरात वाचत होतो, कारण माझा सगळा युक्तिवाद तयार होता, सुशासन कसं असावं, अधिकाऱ्याने काय करावं.

आणि मग दहावं वचन. मीही, माझे भाऊ आणि माझे चाकर, आम्हीही त्यांना पैसा नि धान्य उसनं देतोय. चला, हे बंद करू या.

मी थांबलो. पुढे वाचताच येईना. कोणीतरी पाणी आणून दिलं, लोकांना वाटलं शुगर.

तुला कळलंच असेल मी कुठे गेलो ते. तू माझ्याकडे पैसे मागायला आला होतास तो दिवस. आपण याच्याबद्दल कधीच बोललो नाही, तू नंतर इतका नेहमीसारखा वागलास की मीही ठरवून टाकलं की काही झालंच नाही. तू चहा संपवून, कप स्वतः आत ठेवून गेलास हे मला आठवतं. आणि मी काय केलं होतं तर नीतिसूत्रं २२:७ म्हटलं होतं. ऋण घेणारा देणाऱ्याचा दास होतो, तुला माझा दास नाही करायचं रे, आपली मैत्री मोठी आहे. काय सुंदर कारण शोधलं होतं! त्या वचनाचा पहिला अर्धा भाग मी गिळला होता. श्रीमंत गरिबांवर सत्ता चालवतो, असं आहे ते आधी. ते वाक्य घेणाऱ्यावर जेवढं आहे तेवढंच देणाऱ्यावर आहे, आणि मी ते तुझ्यावर फेकलं. पैसे माझ्याकडे होते, लंबू. बँकेत पडून होते. हे तुला माहीत होतं की नाही मला आजही माहीत नाही.

आता बघ, आपली जी मूळ लढाई होती. तू म्हणायचास की योबेल वर्ष, म्हणजे दर पन्नासावं वर्ष, हा कायदा आहे, दानधर्म नाही. मी म्हणायचो की मोशेच्या नियमात गरिबांसाठी जे आहे ते माणसाच्या मनाला सांगितलंय, सरकारला नाही. तुझा मुद्दा लेवीय या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायावर उभा होता आणि तो पक्का आहे, मी पुन्हा बसून वाचला. पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याला परत, कोणाच्या दयेवर नाही, हक्काने. किंमत ठरवताना योबेलपर्यंत किती पिकं निघतील ते मोजायचं, म्हणजे विकली जातात ती पिकं, जमीन नाही, आजच्या भाषेत लीज. कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात, असं देव म्हणतो. तटबंदीच्या शहरातलं घर मात्र एका वर्षात सोडवलं नाही तर कायमचं गेलं. म्हणजे लिहिणाऱ्याला नेमकं माहीत होतं की माणसाचं पोट कशावर चालतं आणि व्यवहार कुठे मोकळा सोडायचा. मिसरात योसेफाने जे होऊ दिलं ते इथे होऊ द्यायचं नाही, असं एकेक कलम वाचताना वाटतं.

पण माझाही मुद्दा पूर्ण खोटा नव्हता, तो सोडणार नाही. अनुवाद या पुस्तकाचा १५ वा अध्याय काढ. दर सातव्या वर्षी कर्ज सोडून द्यायचं. कोणी सोडायचं? देणाऱ्याने. नाही सोडलं तर? दंड नाही, शिपाई नाही, न्यायाधीशाचं नाव नाही. तो तुझ्याविरुद्ध परमेश्वराकडे ओरडेल आणि ते तुझं पाप ठरेल, बस. राजाचे नियम त्याच पुस्तकात सतराव्या अध्यायात आहेत, पण तिथे राजाने काय करू नये तेच जास्त आहे: घोडे वाढवू नये, बायका वाढवू नये, सोनंनाणं साठवू नये, आणि नियमशास्त्राची नक्कल काढून रोज वाचावी. (शलमोन राजाने या तिन्ही गोष्टी केल्या यावर तू काढलेलं ते कार्टून अजून माझ्याकडे आहे, त्यातले घोडे कुत्र्यांसारखे दिसतात.) तर मी यावरून म्हणायचो की बघ, हे वैयक्तिक आहे. वैयक्तिक आहे! आणि मग वैयक्तिक माझ्या दारात येऊन चहा प्यायला तेव्हा मी काय केलं? त्याच अध्यायात लिहिलंय, मन कठोर करू नको, मूठ आवळू नको, सातवं वर्ष जवळ आलं म्हणून द्यायचं टाळू नको. सगळं एकवचनात. तू, तू, तू. राज्याचा प्रश्न आला की मी हा नियम मनाकडे ढकलायचो आणि मनाचा प्रश्न आला की व्यवहाराकडे. मधल्या मधे तो कुठेच लागू व्हायचा नाही.

तुला त्या ज्यू धर्मगुरू हिल्लेलचं आठवतं? सरांनी सांगितलं होतं. सातवं वर्ष जवळ आलं की लोक कर्जच देईनात, गरिबाची आणखीच कोंडी, म्हणून रब्बी हिल्लेलने प्रोझबूल काढलं, कर्ज न्यायालयाच्या हवाली केल्याचा लेख, म्हणजे ते माफीत जायचं नाही. सर म्हणाले होते यात गरिबाचं भलं झालं की नियम मेला ते तुम्ही ठरवा. तू म्हणालास नियम मेला. मी म्हणालो गरीब जगला. आज मला दोन्ही खरं वाटतं आणि ते मला फार त्रास देतंय, कारण पुढच्या गुरुवारी मला लोकांसमोर उभं राहून काहीतरी एक सांगायचंय.

कारण माझी खरी काळजी अशी आहे की हे पुस्तक समाजाचा नकाशा म्हणून वाचणारा प्रत्येक जण आपल्याला हवं तेवढंच वाचतो की काय. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या टॉमस पेनने १७७६ मध्ये राजेशाहीविरुद्ध लिहिताना पहिल्या शमुवेलाचा आठवा अध्याय घेतला, राजा तुमची पोरं रथापुढे पळवील, शेतं घेईल, दहावा हिस्सा घेईल. बरोबर घेतला. पण राजाच्या बाजूचेही बायबल घेऊनच उभे होते. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी म्हणून बायबलमधले निवडक भाग छापले, त्यातून मोशे लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवून नेतो ते काढून टाकलं आणि दासांनो धन्याचं ऐका हे ठेवलं. योसेफ ठेवला बरं का! आज्ञाधारक दास, वर चढतो. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीतल्या काम टाळणाऱ्यांना लिहिलं की जो काम करणार नाही त्याने खाऊही नये, ते वाक्य १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या कलमात जाऊन बसलं, देव न मानणाऱ्या राज्याच्या. आणि तुझंही सांगू? तू लेवीय २५ उघडायचास आणि ४४ व्या वचनाच्या आधी मिटायचास. परदेशी दास कायमचे ठेवता येतात, मुलांना वारशाने देता येतात, तेही त्याच अध्यायात आहे. सगळ्यांची सुटका करणारा अध्याय आणि त्यातच हे. मी तेव्हा हे तुझ्या तोंडावर मारलं होतं, जिंकायला. आज जिंकायचं नाहीये. आज मला खरंच विचारायचंय की त्या वचनाचं तू काय करतोस.

नहेम्या मला एवढ्यासाठी वेगळा वाटतोय. त्याने राजाचा कर माफ केला नाही, त्याच्या हातात तो नसावा. त्याने सिद्धान्त मांडला नाही. आपली स्वतःची वही आधी उघडली आणि मग बाकीच्यांना म्हणाला, आजच परत करा, शेतं, मळे, घरं, शेकडा एक व्याज लावताय तेही. याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावली, अंगावरचा पदर झटकून दाखवला. आणि बारा वर्षं अधिपती असून अधिपतीचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार होता. हे शासन आहे की मन आहे, सांग मला? मला ते वेगळं काढताच येत नाहीये.

पुढच्या गुरुवारी अनुवाद १५ आहे. मला वाटतंय तुझी गोष्ट सांगावी, नाव न घेता. हिची वेगळी काळजी, म्हणते लंबूभावजींना न विचारता काही बोलू नका. म्हणून विचारतोय. नको म्हणालास तर नाही सांगणार. हो म्हणालास तरी नीतिसूत्राचा भाग मी टाळणार नाही.

छोटीचं अॅडमिशन झालं का? स्टेटसवर फोटो पाहिला, केवढी झाली. आईंचा डोळ्याचा प्रश्न होता त्याचं काय झालं. नवीन घरात लागलात का नीट, वहिनींना नमस्कार सांग, आणि तुझ्या बॉसचं ते प्रकरण मिटलं असेल अशी आशा. फोन करणार होतो पण फोनवर मी हे बोलू शकलो नसतो.

एक राहिलं. त्या वेळी तू पैसे शेवटी कुठून आणलेस? इतक्या वर्षांत मी विचारलं नाही. व्याजाने घेतलेस का, आणि किती वर्षं फेडत होतास, ते मला नीट लिही, आकड्यांसकट.

तुझाच,
बुटक्या

ता.क. तुझं हिरव्या शाईच्या खुणांचं बायबल माझ्याकडेच आहे, तू चोरीला गेलं म्हणत होतास ते. नहेम्या ५:१० च्या बाजूला तू काहीतरी लिहिलंयस, दोन ओळी, पण तुझं अक्षर ग्रुपमधल्या पाच जणांना मिळूनही लागलं नाही. पानाचा फोटो पाठवतो, काय लिहिलंय ते सांग.