आईला बोलू तरी द्या

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अवनी दोशी यांच्या ‘बर्न्ट शुगर’ या इंग्रजी कादंबरीचे पुन्हा एकदा भरभरून कौतुक झाले, म्हणून हे पत्र. २०१९ साली भारतात ‘गर्ल इन व्हाइट कॉटन’ या नावाने आलेली ही कादंबरी २०२०च्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत पोहोचली, शिवाय ती पुण्यात घडते. एवढ्यावर आपण पुणेकर हुरळून गेलो. मला ती नेटाने संपवावी लागली.

विषय जबरदस्त आहे. संसार मोडून लहान मुलीसह आश्रमात राहायला गेलेली तारा आता एकेक गोष्ट विसरू लागली आहे आणि जिची तिने आबाळ केली त्या अंतरालाच आता तिचे सगळे बघायचे आहे. आईला काही आठवतच नसेल, तर जाब कुणाला विचारायचा? असा पेच हाती असताना पहिल्याच वाक्यात अंतरा आईच्या दुःखातून मिळणाऱ्या सुखाची कबुली देते आणि पुढे पानोपानी तोच सूर. तारा सासरी का गुदमरली, आश्रमातल्या त्या बाबांपाशी तिला काय गवसले, श्रीमंत माहेर असताना क्लबच्या दाराशी ती भीक मागायला का बसली, हे सारे लेकीच्या फिर्यादीतूनच कळते. ताराची बाजू येतच नाही. (आईला साखर चारण्याचा भाग तेवढा अंगावर येतो, हे मान्य.)

त्याच वर्षी बुकर जिंकलेली डग्लस स्टुअर्ट यांची ‘शगी बेन’ही आई-मुलाचीच गोष्ट. १९८०च्या दशकातल्या ग्लासगोतली अ‍ॅग्नेस दारूपायी मुलाच्या बालपणाची धूळधाण करते, पण घराबाहेर पडते ती नटूनथटून, ताठ मानेने. तिचा संताप येतो, तरी आज तिने पिऊ नये म्हणून आपलाही जीव शगीइतकाच खालीवर होतो. तारासाठी मला असे एकदाही वाटले नाही.

आईची आरती ओवाळणाऱ्या आपल्या समाजाला अशी मुलगी हवीच होती, असे या कादंबरीचे चाहते म्हणतात. असेल. पण देव्हाऱ्यातून खाली उतरवलेली आई निदान माणूस म्हणून भेटायला नको का? पुणेही क्लब आणि आश्रम यांच्या पलीकडे फारसे दिसत नाही, पण ती माझी तक्रार नाही. आपल्या लेखात बुकरचा उल्लेख तीनदा आहे आणि ताराच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे.

– एक वाचक, पुणे