सीमा ओलांडणाऱ्या ट्रेकची तयारी

संपादक महोदय,

परदेशातल्या ट्रेकवर आपल्याकडे फोटो भरपूर छापून येतात, पण तयारीबद्दल कोणी नीट सांगत नाही म्हणून हे पत्र. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा 3 देशांतून आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी वाट साधारण 170 किमीची आहे आणि चढाई सगळी मिळून 10,000 मीटरच्या आसपास भरते, म्हणजे दहा-अकरा दिवस रोज चढा आणि रोज उतरा, आणि गुडघे बोलायला लागतात ते उतारावर.

तिन्ही देशांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा, एकच पुरतो. पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते मुक्कामावर ठरतं, जिथे जास्त रात्री तिथे, सारख्या असतील तर जिथून आधी शिरणार तिथे. म्हणून आधी रोजचा मुक्काम कागदावर मांडा, मगच व्हिसा. आम्ही उलटं केलं, मधल्या एका रात्रीचं बुकिंगच मिळेना, मग पुढच्या सगळ्या तारखा हलवाव्या लागल्या, फार मनस्ताप झाला.

2,516 मीटरवरच्या कोल द ला सेन्य खिंडीत इटली सुरू होते, ना चौकी ना कोणी पासपोर्ट बघत, तरी तो जवळ हवाच. स्वित्झर्लंडमध्ये मात्र फ्रँक चालतो आणि युरोपियन युनियनचं रोमिंग तिथे लागेलच असं नाही, त्यामुळे ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा. आणि इन्शुरन्स घेताना हेलिकॉप्टर रेस्क्यू कव्हर आहे का हे वाचल्याशिवाय पैसे भरूच नका!

आपला,
एक ट्रेकर वाचक