सिस्टर, तुम्ही विचारलंत

सिस्टर,

धर्मभगिनींच्या बदल्यांत तुमचीही बदली झाल्याचं कळलं, तोवर तुम्ही गाडीत बसलाही होतात. तोंडावर बोलायचं राहिलं, म्हणून चारचौघांत लिहितेय. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

ह्यांना ईस्टरआधीच्या उपवासकाळातच माती दिली. नंतर घरात माणसांचा राबता होता, पण जो तो सांगूनच गेला. कुणी म्हणालं देवाची मर्जी, कुणी म्हणालं प्रार्थना कमी पडली. कार्यक्रमात कायम पुढच्या खुर्चीवर बसणारे एक गृहस्थ तर दवाखान्याच्या बिलाची चौकशी करून, चहा पिऊन गेले. राग अजून आहे. ईस्टर आला म्हणून तो जाईल असंही नाही.

आमच्या गावात मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, महिन्यातून एखादी. फादरांच्या वाट्याला किती गावं, त्यांना काय बोलणार! त्यामुळे ईस्टरपासूनच्या पुनरुत्थान काळातलं रोजचं बायबलचं वाचन आणि मनन तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायला लागलात, त्याचा मोठा आधार झाला. मागे पाण्याची मोटर चालू असायची. मध्येच "थांबा, टाकी भरली" म्हणून उठायचात आणि परत येऊन येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट तिथूनच पुढे न्यायचात. सासूबाईंना अक्षर दिसत नाही. त्या डोक्यावर पदर घेऊन फोनसमोर बसायच्या.

ईस्टरनंतरच्या बुधवारी शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, अम्माऊस गावाच्या वाटेची गोष्ट होती. जेरुसलेमपासून साधारण 11 किलोमीटर, दोघं शिष्य तोंड पाडून चाललेले. क्रुसावर मरून पुन्हा उठलेला येशू, त्यांना ओळखू न येता, बरोबरीनं चालत विचारतो, काय बोलायलात? "सगळं त्याच्यावरच गुदरलेलं, त्याला ठाऊक नव्हतं का? तरी आधी त्यांना बोलू दिलं," एवढंच म्हणून तुम्ही थांबलात. शास्त्र उलगडून सांगणं त्यानं नंतर केलं.

त्याच संध्याकाळी तुमचा फोन. "ताई, त्या रात्री काय काय झालं, सांगता का मला?"

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी सांगत गेले. जालन्याच्या रस्त्यावर गाडी थांबवून ह्यांनी पाणी मागितलं ते, चपला दवाखान्यातच राहिल्या ते. तुम्ही मध्ये एकही वचन घातलं नाहीत. तव्यावर भाकरी करपायली म्हटलं, तर म्हणालात, "करपू द्या, दुसरी टाकता येईल. पुढं सांगा."

सिस्टर, त्या "पुढं सांगा"साठी हे पत्र आहे.

त्या दिवशीचं पहिलं वाचन बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातलं होतं. मंदिराच्या दाराशी बसलेल्या पांगळ्याला पेत्र म्हणतो, सोनं-रूपं माझ्याजवळ नाही, जे आहे ते देतो. आणि उजवा हात धरून त्याला उठवतो. तुमच्याजवळ तरी काय होतं? एक जुना फोन आणि दिवसभराचा शीण.

ज्यांच्यात माणुसकी असते ती माणसं बोलतात कमी, असं आता वाटायला लागलंय. शेजारच्या मुसलमान चाची त्या दिवसांत सकाळी दुधाचा तांब्या उंबऱ्यात ठेवून जायच्या, आवाजसुद्धा न देता. त्यांचेही आभार राहिलेत.

पेन्टेकॉस्टला, पवित्र आत्म्याच्या सणाला, ईस्टरचे 50 दिवस पुरे झाले की मनन थांबणार म्हणे. नव्या ठिकाणी कामाचा बोजा असेल, समजतं. तरी त्यानंतरच्या सामान्य काळातही आठवड्यातून एखादं पाठवत जा. सासूबाई रोज विचारतात, "सिस्टरची मोटर लागली का गं?"

तुमची,
जालना जिल्ह्यातली एक बहीण