रविवारच्या बैठकीची आठवण : सुझुकी आणि उद्धरणांचा हिशेब

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता वाचनालयाच्या वरच्या खोलीत विज्ञान मंडळाची बैठक आहे. कापूस वेचणी जोरात आहे, मजूर मिळता मिळत नाहीत, हे ठाऊक आहे. १० च्या आत उरकू.

या वेळी रसायनशास्त्रज्ञ अकिरा सुझुकी. जन्म १९३०, जपानच्या होक्काइदो बेटावरच्या मुकावा गावचा. बहुतेक नोकरीही होक्काइदो विद्यापीठातच. १९७९ साली नोरिओ मियाउरांसोबत त्यांनी कार्बनला कार्बन जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. पॅलेडियम हा धातू एका रेणूतला कार्बन धरतो, बोरॉनवाल्या रेणूकडून दुसरा घेतो, दोघांची गाठ मारतो आणि पुढच्या जोडीसाठी मोकळा होतो. बोस्कॅलिड हे बुरशीनाशक याच रीतीने बनतं. सुझुकींनी पेटंट घेतलं नाही. २०१० मध्ये रसायनशास्त्रज्ञ हेक आणि नेगिशी यांच्यासोबत नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. शास्त्रज्ञाचं काम किती वजनाचं, हे ठरवायला त्याचे निबंध इतरांनी किती वेळा उद्धृत केले, म्हणजे आपल्या निबंधात संदर्भ म्हणून दिले, ते मोजतात. पण मूळ शोधनिबंधापेक्षा सुझुकी-मियाउरांचा १९९५ चा आढावालेख कितीतरी जास्त उद्धृत होतो. शिवाय रीत पाठ्यपुस्तकात गेली की लोक नुसतं नाव घेतात, मूळ निबंधाचा संदर्भ देतच नाहीत. मग मोजणार काय? २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला : एखाद्याचे २० निबंध प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत, तर निर्देशांक २०. माझ्या मते हा आकडा भरवशाचा नाही, पण त्यावर भांडायलाच या.

लाइटचा नेम नाही, म्हणून प्रोजेक्टर ठेवला नाही. बारावीला शिकवणाऱ्यांनी रंगीत खडू आणावेत. वर्गणी राहिलेल्यांनी तीही.

— सचिव