दोन टन मोसंबी आणि साडेसहाशे किलोंची खोली

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

तीर्थरूप आई व बाबा यांस,

साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

रविवारी फोनवर बाबांनी मला जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मी तेव्हा नीट देऊ शकले नाही, कारण शेजारी ग्राइंडर चालू होता आणि बाबांचा आवाजही नेहमीप्रमाणे चढला होता. "ज्या गाडीने अंबडहून जालन्याच्या मोंढ्यात दोन-दोन टन मोसंबी वाहिली, तिला पत्र्याच्या एका खोलीचे ओझे होते काय?" असा तो प्रश्न होता. प्रश्न योग्य आहे. तीन महिने रविवारच्या रविवार मी त्याच्याच मागे आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी आईसाठी थोडे सांगते, म्हणजे पुढचे समजेल. प्रवासात मुक्कामासाठी मी बांधलेली, आपल्या पिकअपच्या हौद्यावर बसणारी ही खोली गाडीला वेल्डिंग करून जोडलेली नाही. हौद्याचे तिन्ही फाळके काढायचे, खोली चार कोपऱ्यांतल्या चार उंच जॅकवर उभी ठेवायची, गाडी मागे घेत तिच्याखाली सरकवायची, मग जॅक हळूहळू खाली आणून खोली हौद्यावर टेकवायची आणि चारही बाजूंनी आवळायची. काम झाले की उलट क्रमाने उतरवायची, म्हणजे गाडी पुन्हा मोसंबीला मोकळी. अमेरिकेत हा प्रकार 'ट्रक कॅम्पर' या नावाने कित्येक दशकांपासून चालत आला आहे. तिकडच्या मोठ्या पिकअपच्या हौद्यात चाकांच्या दोन उंचवट्यांमध्ये साधारण चार फूट जागा असते आणि खोलीचा खालचा भाग तेवढ्यात बसवावा लागतो. आपल्या गाडीचा हौदा चाकांच्या वर सपाट आहे, त्यामुळे ती अडचण आपल्याला नाही. पण त्याच कारणाने खोली उंचावर बसते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. (आपल्याकडे महिंद्राची डबल केबिनची एक पिकअप 'कॅम्पर' नावानेच विकली जाते. तिच्यात पाठ टेकायला जागा नाही, तो भाग वेगळा.)

आता बाबांचा प्रश्न. आरसी बुकात आपल्या गाडीचे मालासह एकूण वजन २,७५० किलो लिहिले आहे. मी टाकी डिझेलने भरून, स्वतः स्टीअरिंगवर बसून भुईकाट्यावर गाडी नेली, तेव्हा काटा १,७९० वर थांबला. बुकातल्या रिकाम्या वजनाहून हे बरेच जास्त होते. बाबा, मोसंबीचे कॅरेट उंच रचता यावेत म्हणून तुम्ही जो लोखंडी जंगला आणि पुढे जो जाड बंपर बसवून घेतला होता, त्या दोघांचेच साठ किलो भरले. ते दोन्ही मी काढले आहेत आणि जंगला गोठ्यामागे टेकवून ठेवणार आहे, तेव्हा रागावू नका. उरले १,७३०. त्यात तुम्हा दोघांचे मिळून एकशेवीस धरले, तर खोली आणि तिच्यातल्या सर्व सामानासाठी ९०० किलो शिल्लक राहतात. म्हणजे दोन टन मोसंबी भरून तुम्ही जात होता, तेव्हा गाडी परवानगीच्या जवळजवळ दुप्पट माल ओढत होती. ती मोडली नाही याचे श्रेय तुमच्या सावकाश चालवण्याला आणि थोडे दैवाला. पण ती मोडली नाही याचा अर्थ तिला काही झाले नाही, असा होत नाही.

काय झाले ते मागची चाके उचलल्यावर दिसले. डाव्या बाजूच्या कमानपाट्यांपैकी मुख्य पाट्याला, यू बोल्टच्या अगदी कडेला, नखाएवढी चीर होती. ती चिखल आणि ग्रिसच्या थराखाली लपलेली होती. मेस्त्रींनी रॉकेलच्या फडक्याने पुसले आणि बोट ठेवून दाखवले तेव्हा मला दिसली. उजव्या बाजूपेक्षा डावी बाजू दीड इंच खाली बसली होती. दोन्हीकडचे पाटे, बुश आणि यू बोल्ट बदलले. मेस्त्रींचा आग्रह होता की आणखी दोन-दोन पाटे वाढवावेत. मी एकेकच वाढवला, कारण पाटे वाढवल्याने गाडी बसत नाही एवढेच. एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि टायर होते तेच राहतात, आणि आरसी बुकातला आकडा तर मुळीच वाढत नाही.

टायरांचेही तसेच. नक्षी पाहून तुम्ही म्हणाला होता की अजून दोन हंगाम जातील. टायरच्या कडेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आपल्या मागच्या दोन्ही टायरांवर २३१४ होते, म्हणजे ते २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले. रबर उन्हाने आतून वाळते, नक्षी मात्र शाबूत दिसते. नवे टायर घेताना भाराचा अंक १०९ पाहून घेतला, म्हणजे एका टायरला १,०३० किलोपर्यंत भार चालतो.

परंतु बाबा, खरा मुद्दा वजनाचा नाहीच. वजन कुठे आणि किती उंचीवर आहे, हा आहे. मोसंबीचे कॅरेट हौद्यात खाली, घट्ट आणि सपाट बसतात. दोन तासांत मोंढा येतो, माल उतरतो आणि गाडी मोकळी परतते. खोली सव्वासहा फूट उंच आहे, ती आठ-आठ दिवस उतरणार नाही, आणि तिची भिंत म्हणजे आडव्या वाऱ्याला दिलेले शीडच आहे. त्याच वजनाची गाडी वळणावर मोसंबी घेऊन जशी बसेल, तशी खोली घेऊन बसणार नाही.

मी लहान असताना कडब्याची गाडी भरताना तुम्ही मला वर उभी करायचात आणि खालून पेंढ्या फेकत सांगायचात, की गाडी उलाळ, म्हणजे मागे जड, होऊ देऊ नको, थोडी धुरजड, म्हणजे पुढे जड, असू दे. उलाळ झाली की जू वर उचलते आणि बैलांचे गळे आवळतात. पिकअपचे गणित अक्षरशः तेच आहे. खोलीचा भारमध्य मागच्या एक्सलच्या पुढे पडला पाहिजे. अमेरिकेत अशा गाड्यांबरोबर कारखानदार एक कागद देतो आणि खोलीचा भारमध्य हौद्याच्या कोणत्या टप्प्यात असावा हे त्यावर आकृतीसह दाखवलेले असते. आपल्याकडे असा कागद नाही, म्हणून तो मी स्वतः काढला.

काढला खरा, पण चुकल्यावर. पहिल्या मांडणीत पाण्याची टाकी, बॅटरी आणि संडासाचा डबा हे सगळे मी दाराजवळ, म्हणजे मागे ठेवले होते, कारण नळ्या आणि तारा तिथे सोप्या पडत होत्या. खोली चढवून पैठण रस्त्याला गेले. पहिल्याच गतिरोधकावरून उतरताना मागचा भाग खाली गेला आणि स्टीअरिंग हातात कागदासारखे हलके झाले. पुढची चाके जमिनीला धरून नव्हती. ताशी तीसच्या पुढे न जाता परत आले. मग खोलीचे पुढचे दोन पाय काट्यावर, नंतर मागचे दोन पाय काट्यावर, असे तोलून भारमध्य काढला, तर तो एक्सलच्या फूटभर मागे निघाला. टाकी पुढच्या भिंतीला लावली, बॅटरी आसनाखाली पुढे आणली आणि मागच्या बाजूचे जड प्लायवुडचे कपाट काढून टाकले. आता भारमध्य एक्सलच्या फूटभर पुढे आहे. आधी पुढच्या चाकांवरचे साठ-सत्तर किलो उचलले जात होते, आता तेवढेच त्यांच्यावर वाढतात. तुमच्या भाषेत गाडी थोडी धुरजड आहे.

रिकाम्या खोलीचे वजन ४८० किलो आहे आणि पाणी, अंथरुणे, भांडी, लहान सिलिंडर, कपडे धरून ते ६४० पर्यंत जाते. म्हणजे ९०० पैकी २६० किलो मी मुद्दाम रिकामे सोडले आहेत. गाडी जुनी आहे आणि तुम्ही येताना कुठून तरी तुरीचे कट्टे भरल्याशिवाय राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. पाण्याची टाकी साठ लिटरची आहे. ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असावी, कारण अर्ध्या टाकीतले पाणी वळणावर एका अंगाला धावते. आत दोन आडवे पडदे घातले आहेत, तरी सवय ठेवावी.

खोली आवळण्यासाठी चार टर्नबकल, म्हणजे पीळ देऊन ताणायचे आकडे, आहेत. त्यांचे कडे हौद्याच्या पत्र्याला नव्हे, तर चेसीवरच्या आधीच्या भोकांतून जाणाऱ्या ब्रॅकेटांना अडकवले आहे, कारण पत्रा ओढ घेत नाही, फाटतो. चेसीला मी नवे भोक पाडलेले नाही आणि वेल्डिंगचा एक ठिपकाही दिलेला नाही. जुन्या चेसीला ते बाधते, शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने दिलेल्या गाडीत नोंदीविरुद्ध फेरफार करता येत नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंगला न्यावे लागते. तेव्हा खोली उतरवून, फाळके लावून गाडी होती तशी न्यायची. खोलीखाली जाड रबरी मॅट आहे, त्यामुळे ती सरकत नाही. तरीही निघाल्यावर पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून चारही टर्नबकल हाताने तपासायचे. खोली बसते आणि ते ढिले होतात. पहिल्या वेळी माझे दोन झालेच.

आई, आता तुझ्या गोष्टी. मालवाहू गाडीत मागे माणसे बसवता येत नाहीत, आणि कायदा बाजूला ठेवला तरी मी बसवणार नाही. त्यामुळे "मी आत पडून राहीन" हा तुझा बेत रद्द. पुढे तीन आसने आहेत. मी, तू आणि बाबा. थांबल्यावर मात्र खोली तुझी. दाराशी चढायला चार पायऱ्या आहेत. फोनवर तू आपल्या ओसरीची पायरी "एक वीत, त्याहून एक बोट कमीच" अशी मोजून सांगितलीस, तीच उंची प्रत्येक पायरीला दिली आहे, आणि दोन्ही बाजूंना धरायला गोल पाईप आहे. गुडघा दुखला तर डावा पाय आधी, हे विसरू नकोस. संडासाची सोय आत आहे, म्हणजे धर्मशाळेत पहाटे तीनला बादली घेऊन रांगेत उभे राहायचे दिवस संपले. गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाला तर जमिनीलगत साठतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी झडप ठेवली आहे. तिच्यावर पोतेरे टाकायचे नाही. देवांसाठी कोनाडा आहे, पण पितळी समई घरीच राहू दे. जाते आणि पाटा-वरवंटा यांविषयी तू विचारूसुद्धा नकोस.

उन्हाची चिंता मलाही होती. आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याची बंद खोली म्हणजे भट्टी. भिंतींत दीड इंच थर्माकोल आहे, छत पांढरे रंगवले आहे आणि वर झडपेचा पंखा आहे. श्रावणात तर आत बरे वाटते. उन्हाळ्याचे उन्हाळ्यात पाहू. तसेही एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात ही खोली घेऊन रस्त्यावर असू नये, असे माझे मत आहे.

मागच्या महिन्यात शेतात लिंबाखाली खोली उतरवून पाहिली, ते बाबांना सांगायचे राहिले. त्या दिवशी तुम्ही दोघे परतूरला लग्नाला गेला होता. एकेका जॅकला चार-चार फेरे देत, खोलीभोवती फिरत, ती बोटबोट वर उचलली. गाडी इंचाइंचाने पुढे काढली. खोली चार पायांवर उभी राहिली आणि मी चहा ठेवायला आत गेले, तोच मागचा उजवा पाय काळ्या मातीत खचू लागला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. पायाखाली मी विटा ठेवल्या होत्या; एक वीट भाकरीसारखी मोडली आणि दुसरी मातीत गेली. पातेले ओट्यावरून घसरत दारापर्यंत आले. खोली पडली नाही, पण मी गाडी परत खाली घालेपर्यंत पाय माझेच लटपटत होते. मुरूम असता तर विटांवर भागले असते. काळी माती ओली झाली की तिच्यावर भार पसरूनच ठेवावा लागतो.

म्हणून बाबांना एक विनंती. गोठ्याच्या माळ्यावर आपल्या जुन्या बैलगाडीच्या साटीच्या बाभळीच्या फळ्या अजून आहेत. त्यांतल्या दोन न चिरलेल्या फळ्या निवडून मधोमध कापून घ्या. प्रत्येक तुकडा हातभर लांब आणि वीतभर रुंद राहिला तरी पुरे. चार जॅकखाली चार. दिवाळीनंतर मोसंबीची तोड संपली की मी गाडी घेऊन येते. औंढ्याला नागनाथाचे दर्शन घेऊन पुढे माहूरला जाऊ, दत्तजयंतीच्या गर्दीच्या आधी. माहूरचा चढ आपण खोली खाली पायथ्याला उतरवून मोकळ्या गाडीने चढायचा का, हे तुम्ही ठरवा. मी उतरवण्याच्या मताची आहे. फळ्यांना खिळे असतील तर ते काढून मगच कापायला द्या.

तुमची,
थोरली